भोकाचे कोसे

ब्रह्मपुरीचा सोनोग्राफीवाला म्हणाला,
किती वर्षांपासून पेतोस बे?
थेंब नाही, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही,
पडद्यावरचे खडे मोजले.
पाच. मग म्हणाला, सहा.

गावात आधीच ठरलं होतं,
सासुरवाडीतही.
मोहाखालून नुसता चाललो तरी
कोणी ना कोणी खाकरायचं.

स्वादुपिंड.
नाव असं की ताटात वाढावं.
जठरामागं आडवं निजलेलं वीतभर पान,
आपल्याच रसात शिजतं,
शिजलं तिथं वण पडतो,
वणावर वण,
आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, पान राहिलं नाही,
साल राहिली.

कळ उठली की मी गुडघे छातीशी घेतो,
बाजेवर वळकटी होतो.
ऐनाच्या फांदीवर अळीसुद्धा अशीच मुडपते.
पण ती कामात असते.

कार्तिकात नागपूरहून काळबांडे बाई आल्या,
हेल्मेट काखेत, ताणकाटा पिशवीत.
म्हणाल्या, भोकाचे कोसे द्या.
पाखरू निघून गेलेले, रिकामे,
जे व्यापारी पायानं सारतो.
बा म्हणाला, त्याचा धागा निघत नाही, बाई.
धागा नको, मी तो विरघळवणार.

चार पिढ्या गुलेर घेऊन
कावळ्यांपासून राखलेला धागा.
बानं विडी पेटवली आणि ओढलीच नाही.

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं.
सोड्याच्या पाण्यात उकळून डिंक काढायचा,
मिठाच्या पाण्यात रेशमाचं पाणी करायचं,
पाण्याची खळ,
खळीत औषध मुरवायचं
आणि सुजलेल्या पानावर ती हलकेच लिंपायची.
महिनाभर थोडं थोडं सुटत राहतं.
शरीर रेशमाशी भांडत नाही, म्हणाल्या,
पाहुणा समजतं,
आणि तेही मुक्काम वाढवत नाही, विरून जातं.

कोणाच्या पोटात लिंपता?
उंदराच्या.
उंदीर पेते का? आईनं विचारलं,
अगदी खरंखुरं.
नाही, काकू. आजार आम्हीच देतो त्याला.
आई आत गेली.
चहात साखर दोनदा पडली त्या दिवशी.

मी म्हटलं, मलाही तेच आहे.
बाईंनी पेन खाली ठेवला.
मी वाट बघत होतो त्या प्रश्नाची.
त्या म्हणाल्या, कॅप्सूल केव्हा घेतोस?
जेवण झाल्यावर.
पहिल्या घासासोबत घे. थाळी मोठी असली
तर मधेही एक.

एवढंच.
मला उगीच नाक शिंकरावं लागलं.

माझ्यापर्यंत कधी येईल हे?
दहा वर्षं. कदाचित येणारही नाही.
पानात म्हणे ताऱ्यासारख्या पेशी असतात,
एरवी निजलेल्या.
जागल्या की विणत सुटतात,
जखम भरली तरी विणतात,
त्यांना थांब म्हणणारा कोणी सापडलेला नाही.
आमची अळी चार-पाच दिवसांत थांबते, मी म्हटलं.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं,
का, ते कळलं नाही.

तीन किलो भरले. पोतं मोटारसायकलला बांधलं.
एक कोसा घरंगळून माझ्या पायाशी आला.
भोकात करंगळी घातली.
आतून मऊ, कडा केसाळ.
पाखरू दातानं फाडत नाही काही,
दातच नसतात त्याला.
तोंडातून रस सोडतं,
कोसा भिजवतं, धागे बाजूला सारतं,
निघून जातं.
माझाही रस तसलाच.
वाटेत सहा खडे.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कोणीतरी खाकरलं.
बा तंबाखू मळत होता.
मान वर न करता बोलला,
उंदरालेही होते थे.
उंदीर पेते का बे?